अवतरणांपलीकडचा सॉक्रेटिस

महोदय,

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि हा विषय तिथेही आला. त्यामुळे सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल ही नावे असंख्य मराठी मुलामुलींच्या वह्यांत पोचली, हे चांगलेच झाले. मात्र ती पोचली बहुतेक अवतरणांच्या रूपाने: वर विचारवंताचे नाव, खाली पाठ करायची दोन वाक्ये. तयारीची ही दिशा चुकते आहे आणि ती बदलणे अवघडही नाही, म्हणून हे पत्र.

आधी अवतरणांचेच पाहू. ‘आपण वारंवार जे करतो तेच आपण असतो, उत्कृष्टता ही एखादी कृती नसून सवय असते’ हे वाक्य ॲरिस्टॉटलच्या नावावर सर्रास खपते. ते विल ड्युरांट या अमेरिकी लेखकाचे आहे. ॲरिस्टॉटलचा विचार समजावताना त्यांनी १९२६ सालच्या आपल्या पुस्तकात ते लिहिले. सॉक्रेटिसच्या नावावरचे ‘मला एवढेच कळते की मला काही कळत नाही’ हे वाक्यही प्लेटोच्या संवादांत असे कुठे सापडत नाही. ‘अपॉलॉजी’त, म्हणजे प्लेटोने लिहिलेल्या त्याच्या न्यायालयातल्या बचावाच्या भाषणात, सॉक्रेटिस म्हणतो ते अधिक नेमके आहे: जे मला माहीत नाही, ते माहीत आहे असे मी मानत नाही. त्याच भाषणात कारागिरांना त्यांच्या कामाचे खरे ज्ञान असते हेही तो मान्य करतो. त्या बळावर ते इतर मोठ्या गोष्टींतही स्वतःला जाणते समजू लागतात, एवढीच त्याची तक्रार.

सॉक्रेटिसकडून घ्यायची ती त्याची तपासणीची रीत. त्यासाठी ‘युथिफ्रो’ हा प्लेटोचा छोटा संवाद पुरतो. काळ इसवीसनपूर्व ३९९. सॉक्रेटिसवर अधर्माचा खटला भरला गेला आहे आणि न्यायकचेरीपाशी त्याला युथिफ्रो भेटतो. तो आपल्या बापावरच मनुष्यवधाची फिर्याद घेऊन आला आहे. नॅक्सॉस बेटावरच्या त्यांच्या शेतावर एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाचा जीव घेतला. बापाने त्या मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकले आणि काय करावे हे विचारायला अथेन्सला माणूस पाठवला. माणूस परत येईपर्यंत मजूर थंडीने, भुकेने मेला. परीक्षेतल्या कुठल्याही केस स्टडीइतकाच हा प्रसंग गुंतागुंतीचा आहे.

युथिफ्रोला खात्री आहे की आपण धर्माचेच वागतो आहोत. सॉक्रेटिस विचारतो, धर्म्य म्हणजे काय? पहिले उत्तर येते, ‘मी करतो आहे ते.’ हे उदाहरण झाले. सगळ्या धर्म्य कृत्यांना लागू पडेल असे लक्षण हवे. दुसरे उत्तर, ‘देवांना प्रिय ते.’ पण देवादेवांत भांडणे असतात, एकाला प्रिय ते दुसऱ्याला अप्रिय असते, हे युथिफ्रोनेच आधी मान्य केलेले असते. म्हणजे एकच कृत्य धर्म्यही आणि अधर्म्यही ठरते. म्हणून सुधारित उत्तर, ‘सगळ्या देवांना प्रिय ते.’ इथे तो प्रसिद्ध प्रश्न येतो: धर्म्य आहे म्हणून देवांना प्रिय, की देवांना प्रिय म्हणून धर्म्य?

देवांच्या जागी जीआर किंवा वरिष्ठांचा आदेश ठेवून पाहा. एखादी गोष्ट आदेशात आहे म्हणून योग्य, की योग्य आहे म्हणून आदेशात? पहिले म्हटले तर उद्या आदेश बदलला की योग्य-अयोग्यही बदलले. दुसरे म्हटले तर आदेशाबाहेरचा एखादा निकष दाखवणे भाग पडते. केस स्टडीचे उत्तर लिहिताना हा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी ‘नियमानुसार कारवाई करीन’ या वाक्यापाशी लेखणी थांबणार नाही.

या रीतीच्या अटी कडक आहेत. उत्तर देणाऱ्याने स्वतःला खरोखर पटते तेच सांगायचे, वादापुरते नाही. पुढची प्रत्येक पायरी त्याच्या संमतीने चढायची. विसंगती दिसली की मूळ विधान सुधारायचे आणि पुन्हा तपासायचे. इथे एक चूक हमखास होते: विसंगती निघाली म्हणजे मूळ विधान खोटे ठरले, असे लिहिले जाते. प्रत्यक्षात एवढेच सिद्ध होते की मान्य केलेली सगळी विधाने एकत्र खरी असू शकत नाहीत. त्यातले कुठले सोडायचे हा निर्णय वेगळा, आणि त्याची कारणे वेगळी द्यावी लागतात.

शिक्षकांसाठी प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद अधिक मोलाचा. २ फूट बाजूचा चौरस, क्षेत्रफळ ४. दुप्पट, म्हणजे ८ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती? सॉक्रेटिसशी बोलणाऱ्या मेनोकडचा एक गुलाम मुलगा म्हणतो ४. आकृती काढल्यावर क्षेत्रफळ १६ निघते. मग तो म्हणतो ३, निघतात ९. तेव्हा तो कबूल करतो, मला माहीत नाही. त्यानंतरच सॉक्रेटिस कर्णाकडे बोट दाखवतो. शेवटचे प्रश्न सरळसरळ उत्तराकडे नेणारे आहेत, हे मान्यच करावे लागेल. पण त्याआधी दोन्ही चुकीची उत्तरे त्याने आकृतीवर शेवटपर्यंत तपासू दिली. वर्गात नेमका हाच भाग वगळला जातो आणि ‘बरोबर ना?’ छापाच्या प्रश्नांना सॉक्रेटिसची पद्धत म्हटले जाते. मुलाकडे अजून नुसते मत आहे, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा आणि निरनिराळ्या तऱ्हांनी विचारले तर त्याचे ज्ञान होईल, असे सॉक्रेटिस तिथेच सांगतो. पुढे लारिसा या ग्रीक शहराच्या वाटेचे उदाहरण येते. वाट ठाऊक असलेला आणि अंदाज बरोबर निघालेला, दोघेही मुक्कामी पोचतात. फरक इतकाच की कारणाने बांधून न ठेवलेले खरे मत टिकत नाही. दबावाखालच्या अधिकाऱ्याबद्दल याहून उपयोगाचे काही क्वचितच लिहिले गेले असेल.

सद्गुण हा अति आणि उणे या दोन टोकांचा मध्य असतो, या ॲरिस्टॉटलच्या विचाराची तर फारच ओढाताण होते. दोन पक्षांत तडजोड सुचवायची आणि तिला सुवर्णमध्य म्हणायचे, हा प्रघात पडला आहे. त्याचे स्वतःचे उदाहरण पाहा: १० मिना (वजनाचे जुने ग्रीक माप) अन्न फार आणि २ मिना कमी, म्हणून तालीम देणारा सरसकट ६ मिना सांगत नाही. मिलोसारख्या मल्लाला ते अपुरे, नवशिक्याला जास्त. मध्य माणसागणिक, प्रसंगागणिक विवेकाने ठरवायचा असतो. शिवाय चोरी, खून, व्यभिचार यांना मध्यच नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. लाचेच्या प्रकरणात सुवर्णमध्य शोधणाऱ्या उत्तराला त्याच्या नीतिशास्त्रात आधार मिळणार नाही.

‘सद्गुण म्हणजे ज्ञान’, म्हणजे योग्य काय ते कळले की माणूस तसाच वागतो, हे सॉक्रेटिसचे मत लिहिताना ॲरिस्टॉटलचा आक्षेपही लिहायला हवा. कळूनही वळत नाही असे घडतेच, असे तो म्हणतो आणि ते कसे घडते याची चिकित्सा ‘निकोमाखियन एथिक्स’ या आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात करतो. वासनेच्या भरात माणसाचे ज्ञान झोपलेल्या किंवा नशेतल्या माणसाच्या ज्ञानासारखे असते. नशेतला माणूस एम्पेडोक्लीज या कवी-तत्त्वज्ञाच्या ओळी म्हणून दाखवतो, नवा विद्यार्थी वाक्ये जुळवतो, पण दोघांनाही ते अजून कळलेले नसते. ते अंगी मुरायला वेळ लागतो.

वाचनाचा क्रम असा ठेवावा: ‘युथिफ्रो’, ‘अपॉलॉजी’, ‘क्रिटो’, मग ‘मेनो’. पहिले तिन्ही मिळून ५० पानांच्या आसपास भरतात. प्लेटोच्या ग्रंथांच्या १५७८ च्या स्टेफानस आवृत्तीचे पृष्ठांक बहुतेक भाषांतरांच्या समासात छापलेले असतात. युथिफ्रोचा तो प्रश्न १० वर, गुलाम मुलाचा भाग ८२ ते ८५ वर. आपल्या स्पर्धा परीक्षेच्या पानावर प्लेटोचे अवतरण द्याल तेव्हा त्याखाली हा अंक छापावा, ही विनंती. अंक सापडत नसेल, तर ते अवतरण छापू नये.

तत्त्वज्ञानाचा एक अध्यापक,
पुणे