वहीतली ती रेघ

ताई,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले असते तर तोंडातून शब्द फुटला नसता, म्हणून लिहितेय. उघडपणे लिहितेय, कारण माझ्यासारखीच कुणी रात्र रात्र जागत असेल तर तिच्याही नजरेस हे पडावं.

समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत तुम्ही वहीच्या पानावर मधोमध एक रेघ ओढलीत. डावीकडे 'काय घडलं', उजवीकडे 'मन काय म्हणालं'. मी डावीकडे भराभर लिहिलं : बहिणीला मी नकोशी झालेय. तुम्ही पेन्सिलीने बाण काढून ते वाक्य रेघेपलीकडे नेलंत आणि विचारलंत, "मग इकडे काय उरलं?" मी बराच वेळ पानाकडे बघत बसले. उरलं होतं ते इतकंच, की माझ्या मेसेजला दोन दिवस तिचं उत्तर आलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही मला अ‍ॅरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाबद्दल सांगितलंत. 1960च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की रुग्ण जे बोलतात त्याच्याआड विचारांचा आणखी एक प्रवाह वाहत असतो; आपोआप उमटणारा, झर्रकन सरकणारा आणि तपासून न बघताच खरा वाटणारा. हे ऐकून मला रडूच कोसळलं. इतकी वर्षं मी ज्याला माझा स्वभाव म्हणत होते, ते इतक्या लोकांच्या बाबतीत घडतं, त्याला नाव आहे आणि त्यावर कामही करता येतं!

पण खरी शिकवण त्यानंतरची. 'मी नकोशी आहे' खोडून मी उत्साहाने लिहिलं, 'मी सगळ्यांची लाडकी आहे.' मला वाटलं, तुम्ही शाबासकी द्याल. तुम्ही तेही खोडलंत. म्हणालात, "एका खोट्याच्या जागी दुसरं खोटं नको. गोड असलं तरी नको." शेवटी जे वाक्य राहिलं ते अगदी साधं होतं : 'तिने उत्तर दिलं नाही. का, ते मला माहीत नाही.' त्या वाक्यावर विश्वास ठेवताना मला स्वतःला बळजबरी करावी लागली नाही.

'नेहमी', 'कुणीच', 'सगळं' हे शब्द आले की तुमची पेन्सिल थांबायची, हे मी पुढे कित्येक दिवस बघत होते. आता माझाच हात थांबतो. कामात माझ्याकडून चूक झाली त्या दिवशी मनाने निकाल देऊन टाकला होता : 'मी बिनकामाची आहे.' पानावर उतरलं ते असं : 'तक्त्यातले दोन आकडे चुकले. पाठवण्याआधी मी ते पुन्हा तपासले नव्हते.' हे वाचताना बरं वाटलं नाही, पण त्यात करण्यासारखं काहीतरी होतं. बिनकामाच्या माणसाने काय दुरुस्त करायचं?

आणखी एक आठवतं. विचार शंभरात किती खरा वाटतो ते तुम्ही लिहायला लावायचात. नव्वदवरून साठवर आला तेव्हा मी हिरमुसले, शून्य व्हायला हवा होता ना! तुम्ही मात्र त्या साठकडे बघून मनापासून हसलात. "झोप लागली का?" एवढंच विचारलंत. लागली होती, ताई.

बहिणीला शेवटी मी फोन केला. ती रागावलेलीच होती. मी तिला दिलेला एक शब्द विसरले होते. म्हणजे काहीतरी बिनसलं होतं हे खरं, पण ते मनाने रंगवलं होतं तसं नव्हतं, आणि माफी मागता येण्याजोगं होतं. मी मागितली. आम्ही तासभर बोललो.

वही भरत आली आहे. नवी आणली, आणि पहिल्या पानावर रेघ आज मीच ओढली. जरा वाकडी आलीय.

तुमची कृतज्ञ,
रेघेच्या दोन्ही बाजूंना लिहिणारी