नव्वदीतला रुग्ण आणि त्वचेचा कर्करोग: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

नव्वदीच्या रुग्णाच्या नाकावर न भरणारी जखम असते, बायोप्सीत कर्करोग निघतो. मग एकतर लगेच शस्त्रक्रियेची तारीख मिळते, नाहीतर ‘या वयात कशाला’ म्हणून घरी पाठवणी होते. दोन्हीकडे पाहिलं जातं ते फक्त वय. संमतिपत्रावर सही घेण्याआधी एक पानी निर्णय-नोंद सक्तीची करावी, एवढीच आमची मागणी.

त्यात आधी कर्करोगाचा प्रकार यावा. बेसल सेल कार्सिनोमा सावकाश वाढतो, इतरत्र क्वचितच पसरतो. गाठ लहान असेल, त्रास नसेल तर मोजमाप व फोटो घेऊन काही महिन्यांनी पुन्हा पाहणं रास्तच. डोळ्याच्या कडेला असेल किंवा रक्त येत असेल तर मात्र थांबू नये. ओठावरचा, कानावरचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा लसिकाग्रंथींत जाऊ शकतो. मेलानोमा तर त्याहून घातक. हे तिन्ही ‘त्वचेचा कर्करोग’ या एकाच नावाखाली धरले की घोळ तिथूनच सुरू होतो.

मग प्रकृती. क्लिनिकल फ्रेल्टी स्केलवर, म्हणजे अशक्तपणा मोजायच्या पट्टीवर, १ (ठणठणीत) ते ९ (अखेरचा टप्पा) आकडा लिहायला दोन मिनिटं पुरतात.

सगळ्यात दुर्लक्षित असतं ते जखमेचं पुढचं. नडगीची त्वचा पातळ, त्यात पायाला सूज. टाके १०-१४ दिवस ठेवूनही जखम उसवते, त्वचारोपण महिनोन्‌महिने भरत नाही. ड्रेसिंग कोण बदलणार? स्मृतिभ्रंश असलेला रुग्ण पट्टी ओढून काढतो. भूल स्थानिक असली तरी हृदय कमजोर असलेल्याला तासभर उताणं झोपवत नाही, धाप लागते. पेसमेकर असेल तर बायपोलर कॉटरी हवी, म्हणजे रक्त थांबवायला विजेचा चटका देताना वीज चिमट्याच्या दोन टोकांमध्येच राहते. आणि रक्त पातळ करणारी गोळी सरसकट बंद करण्याची सवय मोडायलाच हवी: त्वचेतलं रक्त दाबून थांबवता येतं, गोळी बंद केल्याने आलेला पक्षाघात नाही. वॉरफरिन ही त्यातली गोळी चालू असेल तर आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासावा.

पर्यायही त्याच पानावर हवेत. वरवरच्या बेसल सेलला इमिक्विमॉड मलम, आठवड्यातून ५ दिवस, ६ आठवडे. त्याने त्वचा लाल होऊन खपली धरते, हे आधीच सांगावं, नाहीतर घरचे घाबरून मलम बंद करतात. किरणोपचारात कापाकापी नाही, पण फेऱ्या फार. अशक्त रुग्णाला कमी फेऱ्यांचं वेळापत्रक मिळावं.

ज्या रुग्णाकडे ड्रेसिंग करणारं कुणी नाही, त्याच्या घरी परिचारिका जाईल अशी तरतूद आधी व्हावी, शस्त्रक्रियेची तारीख नंतर.

आपले,
त्वचेच्या कर्करोगावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका