गॅलरीतल्या गार्डना बोलू द्या की!

संपादक साहेब, नमस्कार.

कला संग्रहालयाबद्दल पेपरात काही छापून आलं की त्यात क्युरेटर, म्हणजे चित्रं निवडून प्रदर्शन मांडणारा माणूस असतो, चित्रकार असतो, उद्घाटनाचे पाहुणे असतात, पण गॅलरीच्या कोपऱ्यात दिवसभर उभे असलेले गार्ड कुठेच नसतात, फोटोत चुकून आलेच तर क्रॉप करून टाकतात. मला त्यांच्याबद्दलच लिहायचंय. पत्र जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी ज्या संग्रहालयाची मेंबर आहे (नाव मुद्दामच देत नाही) तिथे मधे एक नोटीस लागली की सिक्युरिटी स्टाफने प्रेक्षकांशी चित्रांबद्दल बोलायचं नाही, माहिती हवी असेल तर ऑडिओ गाईड घ्या. का, तर म्हणे चुकीची माहिती जाते आणि शिवाय लक्ष विचलित होतं. नोटीस वाचून डोकंच फिरलं माझं.

कारण सांगते. जलरंगांच्या खोलीत एक मावशी ड्युटीला असतात, बाकी सगळे तिथे शिरल्या शिरल्या “काय हा अंधार” म्हणून त्यांच्याच अंगावर जातात, जसं काही दिवे त्यांनीच मालवलेत. खरं तर कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) एवढाच मंद उजेड ठेवतात, कारण उजेडाने रंग उडतात आणि ते नुकसान साठत जातं, नंतर चित्र अंधारात ठेवलं म्हणून गेलेला रंग परत येत नाही, म्हणूनच अशी चित्रं काही महिने भिंतीवर आणि मग बराच काळ स्टोअरमधे. हे त्या खोलीत कुठेही लिहिलेलं नाही. मला हे मावशींनी सांगितलं, तेही अगदी सहज, “डोळे सरावू द्या ताई, मग बघा” असं म्हणून. पुढे म्हणाल्या तिथे नका उभ्या राहू, दोन पावलं डावीकडे या म्हणजे काचेतला दिवा जाईल, आणि आता चित्रातल्या पाण्यात नीट बघा, पेन्सिलने आधी काढलेली बोट आहे, नंतर रंगवायचं रद्द केलेलं दिसतंय. आणि खरंच होती हो! शिडाची बारीक तिरकी रेघ, निळ्या वॉशच्या, म्हणजे पातळ रंगाच्या थराच्या खालून दिसणारी. लेबलवर काय होतं तर चित्रकाराचं नाव, साल आणि देणगीदाराचं नाव, तेही मोठ्या अक्षरात.

आता विचार करा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधे लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात याचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला, सरासरी आली २७ सेकंदांच्या आसपास. आपण २७ सेकंद बघणार आणि मावशी तेच चित्र रोज तासन् तास बघणार, वर ते चित्र बघणारी माणसंही बघणार, कोण कुठे थबकतं, लहान मुलं काय विचारतात, पुतळ्याच्या कुठल्या बोटाला सगळ्यांना हात लावावासा वाटतो. एवढं सगळं ज्या माणसाला माहीत आहे त्याने गप्प बसायचं आणि मी कानात यंत्र घालून फिरायचं, हा कुठला न्याय?

लक्ष विचलित होण्याच्या मुद्द्याचं बोलायचं तर १९११ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून मोनालिसा चोरीला गेली ती गार्ड गप्पा मारत होता म्हणून नाही गेली. सोमवारी संग्रहालय बंद असताना गेली, आणि नेणारा पेरुज्जा हा तिथे काचेचं काम करून गेलेला माणूस होता. दुसऱ्या दिवशी तिथे आलेल्या एका चित्रकाराने रिकामी भिंत बघून चौकशी केली तर गार्डला वाटलं चित्र फोटो काढायला नेलं असेल! त्या बिचाऱ्याला कुठलं चित्र कधी हलतंय हे कोणी सांगतच नसेल तर तो आणखी काय म्हणणार? मला तर उलट वाटतं, ज्याच्याशी दोन शब्द बोलणं झालंय तो माणूस चित्राला हात लावायला कचरतो, पाठीवरची सॅकही आपणहून पुढे घेतो. नुसतं “मागे व्हा, मागे व्हा” ओरडून ते होत नाही.

राहिली चुकीची माहिती. मग शिकवा ना! क्युरेटरने नवीन प्रदर्शन लागताना अर्धा तास गार्डबरोबर फिरावं, एवढंच तर करायचंय. पण खरी गोम वेगळीच आहे, बऱ्याच ठिकाणी गार्ड एजन्सीकडून येतात, खोलीशी जरा ओळख होते न होते तोच त्यांना उचलून कुठल्या तरी मॉलच्या पार्किंगला टाकतात, मग त्यांना शिकवण्यावर वेळ कोण घालवणार. तो प्रश्न सोडवायचा नाही म्हणून ही नोटीस, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ही माणसं नुसती राखणदार असतात असं कोणी ठरवलं? रॉबर्ट रायमन हा पुढे पांढऱ्या रंगाच्या चित्रांसाठी नावाजला गेला, तो न्यूयॉर्कला आला होता जॅझ वाजवायला, आणि १९५३ ते १९६० तिथल्या मॉमा (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) मधे गार्ड होता, रोज चित्रं बघता बघता स्वतः रंगवायला लागला. अमेरिकेतल्याच बाल्टिमोरच्या कला संग्रहालयाने तर २०२२ मधे अख्खं प्रदर्शनच आपल्या १७ गार्डकडून क्युरेट करून घेतलं. आपल्या इथे निदान एका खोलीतली चार चित्रं त्यांना निवडू द्या, शेजारी त्यांच्या शब्दात दोन ओळी लावा, मी तरी आधी तीच खोली बघायला जाईन.

पेपरात पत्र लिहून काय होणार असं आमच्या घरात सगळे म्हणतात. त्यांना मी लंडनच्या नॅशनल गॅलरीचं सांगते. दुसऱ्या महायुद्धात तिथली चित्रं वेल्समधल्या खाणीत नेऊन ठेवली होती, भिंती रिकाम्या. १९४२ च्या जानेवारीत एका वाचकाचं पत्र तिथल्या टाइम्स पेपरात आलं की बॉम्बची जोखीम पत्करून का होईना पण एखादं तरी चित्र लोकांना बघू द्या, आणि त्यातून दर महिन्याला एक चित्र आणून लावायला सुरुवात झाली, पहिलं टिशियन या जुन्या इटालियन चित्रकाराचं. तेव्हा होतं कधी कधी.

माझं मागणं त्यामानाने किरकोळ आहे. ती नोटीस काढा. गार्डच्या शर्टावर एजन्सीचं नाव असतं तिथे त्यांचं स्वतःचं नाव लावा. आणि कोपऱ्यात एक स्टूल द्या हो, दगडी फरशीवर आठ तास उभं राहून पायाचं काय होतं हे ज्याने नोटीस काढली त्याने एक दिवस उभं राहून बघावं. नोटीस लागल्यापासून मावशी मला बघून नुसत्या मान हलवतात, कॅमेरा वरतीच आहे ना.

आपली,
एक नियमित वाचक