लग्नपत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला मोबाइलमधल्या घातक ॲपवरचा लेख वाचला. विषय घेतलात, बरे झाले. पण 'अनोळखी नंबरवरून आलेले काही उघडू नका' एवढ्यावर तो थांबतो, आणि वर 'लोभापायी नागरिक फसतात' असे वाक्यही आहे. त्या वाक्याने रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

माझे थोरले बंधू तासगाव तालुक्यात राहतात. द्राक्षबाग आहे, वय ६७. तुळशीच्या लग्नानंतर आठवडाभरात त्यांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, ती व्याह्यांच्या नंबरवरून. नाव त्यांचे, फोटोही त्यांचाच. आमच्याकडे व्याह्यांची पत्रिका पाहिली नाही तर रुसवा वर्षभर पुरतो. दादांनी लगेच उघडली. पत्रिका काही दिसली नाही, 'इन्स्टॉल करा' असे आले, मग मेसेज वाचण्याची परवानगी मागितली. दादा होय, होय करत गेले. व्याह्यांचा मोबाइल आधीच चोरांच्या ताब्यात होता आणि त्यातून सगळ्या सोयऱ्यांना तीच फाइल जात होती, हे मागाहून कळले. यात लोभ कुठे आला, संपादक महोदय?

त्याच रात्री खात्यातून ४८ हजार गेले. बेदाण्याचे पैसे होते. ओटीपी आले, पण ते ॲप मेसेज परस्पर चोरांकडे पाठवत होते, दादांना एकही दिसला नाही. बँकेत मात्र पहिला प्रश्न हाच, 'ओटीपी कुणाला सांगितलात?' कुणालाच नाही म्हटले, तर साहेबांना ते पटेना.

आणि बँकेत तरी दादा कधी गेले? तिसऱ्या दिवशी. दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत, नीट जेवले नाहीत. लोक हसतील, एवढीच धास्ती. तेवढ्यात आणखी ३५ हजार गेले. ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातात ते बँकेने सोसायचे, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच परिपत्रक काढून सांगितले आहे. दादांनी पहिल्याच सकाळी तोंड उघडले असते तर या ३५ हजारांचा घोर लागला नसता. फसलेल्याला लोभी म्हटले की तो तोंड लपवतो, आणि चोराला तेवढाच वेळ हवा असतो. म्हणून मला त्या वाक्याचा राग आहे.

लेखात हवे होते ते माझ्या भाच्याने दादांना पाच मिनिटांत समजावले. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते ॲप आहे, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी हात लावायचा नाही, आधी त्याला फोन करायचा. आरटीओचे चलन, बँकेचे केवायसी, पीएम किसानचा हप्ता, या नावांनीही हेच येते. ॲप घ्यायचे ते प्ले स्टोअरमधूनच. सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपला 'अनोळखी ॲप इन्स्टॉल' करायची मुभा मुळात बंदच असते, ती कधीही चालू करायची नाही. चुकून असे ॲप इन्स्टॉल झालेच तर आधी इंटरनेट बंद करायचे आणि दुसऱ्या मोबाइलवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरला आणि बँकेला फोन लावायचा. नुसते ॲप काढून भागेलच असे नाही, त्याचे चिन्ह बहुधा लपवलेले असते. दादांचा मोबाइल आम्ही शेवटी रीसेट केला. नातवाचे बारशाचे फोटो तेवढे गेले, ते दादांना पैशांपेक्षा जास्त लागले आहे.

१९३० हा आकडा तुमच्या लेखात शेवटच्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरांत होता. तो रोज पहिल्या पानावर, सोन्याच्या भावाशेजारी छापा, ही विनंती.

जाता जाता आणखी एक. बँकेने दादांना दिलेला तक्रारीचा अर्ज संपूर्ण इंग्रजीत होता, चार पानी. सातवी शिकलेल्या बागायतदाराने तो कुणाकडून भरून घ्यायचा? मी सांगलीहून जाईपर्यंत तो कोराच पडून होता. यावरही एकदा लिहा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
विश्रामबाग, सांगली