ड्रेकच्या पल्याडचे पेंग्विन: मित्रास पत्र

उशुआइया, आर्जेन्टिना
११ डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

निघण्यापूर्वी तू विचारले होतेस की, भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन काचेपलीकडे उभे असताना त्यांच्यासाठी पृथ्वीच्या टोकाला कशाला जायचे. त्या वेळी मी हसून विषय टाळला, कारण सांगण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आज सकाळी जहाज धक्क्याला लागले, खोलीतली जमीन मला अजूनही डोलताना भासते आहे, आणि तरीही आधी तुला लिहावे म्हणून बसलो आहे.

राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, २०१६ साली सेऊलहून आणलेले. त्यांचे मूळ घर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे बर्फाशी त्यांचा काही संबंध नाही. मला पाहायचे होते ते चिनस्ट्रॅप आणि जेंटू, आणि त्यांच्याकडे जाणारी वाट दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेकच्या सामुद्रधुनीतून जाते.

पहिल्या संध्याकाळी बीगल खाडीचे पाणी तळ्यासारखे शांत होते. मी पोटभर जेवलो आणि लोक उगाच घाबरवतात असे मनाशी म्हणत झोपलो. मध्यरात्रीनंतर जहाजाने खाडीचा आडोसा सोडला आणि टेबलावरचा चष्मा, पाण्याची बाटली व औषधांची पिशवी एकापाठोपाठ एक जमिनीवर आली. केप हॉर्नपासून साउथ शेटलंड बेटांपर्यंत हा पट्टा सुमारे ८०० किलोमीटर रुंद आहे. या अक्षांशांवर पृथ्वीभोवती कोठेही जमीन आडवी येत नसल्यामुळे पश्चिमेचे वारे आणि त्यांच्याबरोबरचा सागरी प्रवाह जगाला प्रदक्षिणा घालीत येतात व या चिंचोळ्या दारातून सारे एकदम घुसते. सकाळी पाहतो तो मार्गिकेच्या कठड्यात ठिकठिकाणी कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या, आणि भोजनगृहात ताटे घसरू नयेत म्हणून टेबलावरची कापडे ओली केलेली. मला बोट लागली, आणि अशी लागली की लहानपणी भाऊच्या धक्क्याहून कोकणात जाताना आगबोटीत आईच्या मांडीवर डोके ठेवून रडलो होतो, ते त्यापुढे काहीच नव्हे. कानामागे लावलेल्या औषधी पट्टीने तोंड कोरडे पडले, बाकी उपकार केला नाही. न्हाणीघरात तोंड धुताना तोल जाऊन गुडघा आपटला. तो अजून काळानिळा आहे. दोन रात्री मिळून चार तास झोप लागली असेल तर पुष्कळ.

तिसऱ्या दिवशी लाटा उतरल्या. चंद्रकोरीच्या आकाराच्या हाफ मून बेटापाशी आम्ही नांगर टाकला. किनाऱ्यावर धक्का नाही. झोडियाक नावाच्या रबरी होडीत उतरावे लागते, आणि खलाशी तुमचा पंजा न धरता मनगटाच्या वर घट्ट पकडतो, कारण हातमोजा निसटू शकतो. हर्णे बंदरात आगबोटीतून पडावात उतरताना तांडेल असाच दंड धरायचा, आठवते ना? लाट वर आली की पाय टाकायचा, हे गणित ते आणि हे एकच. उतरण्यापूर्वी बुटांचे तळवे जंतुनाशकात बुडवायचे, कपड्यांच्या चिकटपट्ट्यांत अडकलेले गवताचे बी चिमट्याने वेचायचे. एका वेळी शंभराहून अधिक माणसे किनाऱ्यावर उतरवत नाहीत. पक्ष्यांपासून ५ मीटर दूर राहायचे, त्यांची वाट अडवायची नाही, आणि बर्डफ्लूच्या धास्तीमुळे खाली बसायचे नाही, पिशवीही टेकवायची नाही. बर्फात आपला पाय रुतला तर तो खड्डा बुजवूनच पुढे जायचे, कारण त्यात पडलेल्या पेंग्विनला बाहेर येता येत नाही.

पहिल्यांदा भेटतो तो वास. सुक्या बोंबलाच्या गोदामात अमोनिया सांडावा असा. क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे इवले समुद्रजीव, खाऊन टाकलेल्या विष्ठेने खडक गुलाबी झालेले आणि त्या राड्यात चिनस्ट्रॅपांची घरटी, म्हणजे नुसती खड्यांची रिंगणे. माझ्यासमोर एक पक्षी अंड्यांवर पालथा होता, हनुवटीखालची काळी रेघ टोपीच्या बंदासारखी. त्याचे डोळे मिटत, मान किंचित खाली जाई, आणि मी मनात तीन-चार अंक मोजेपर्यंत ते पुन्हा उघडत. मग पुन्हा मिटत. आमच्या मार्गदर्शिकेने सांगितले की किंग जॉर्ज बेटावर संशोधकांनी घरट्यावरच्या चिनस्ट्रॅपांच्या मेंदूतील लहरी नोंदवल्या, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाप्रमाणे हे पक्षी दिवसात १०,००० हून अधिक वेळा सरासरी ४ सेकंदांची डुलकी घेतात. सगळी बेरीज ११ तासांच्या वर जाते. दोन रात्री जागून काढलेल्या माझ्यासारख्याला ऐकून हेवाच वाटला.

त्याने गाढ का झोपू नये हे दहाच मिनिटांत कळले. तपकिरी रंगाचा एक स्कुआ, म्हणजे अंडी-पिल्ले पळवणारा समुद्रपक्षी, शेजारच्या घरट्यावर उतरला, तेथील पक्षी चोच उगारून उठला, आणि तो उठला त्या क्षणी दुसऱ्या स्कुआने मागून अंडे उचलले. रिकाम्या खड्यांवर तो पक्षी पुन्हा तसाच बसला. माझ्या बाजूचे गृहस्थ छायाचित्र निसटले म्हणून हळहळले. मला त्यांचा राग आला, पण माझ्याही गळ्यात कॅमेरा होताच.

दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे उतरणे रद्द झाले. त्यानंतर डँको बेटावर जेंटू पाहिले. पाण्याखाली ताशी ३६ किलोमीटरपर्यंत वेग घेणारा हा पक्षी जमिनीवर मात्र गुडघेदुखीच्या रुग्णासारखा चालतो, आणि तरी घरटे बांधतो टेकडीच्या माथ्यावर, कारण वाऱ्याने झोडपलेल्या त्या खडकांवरचा बर्फ सर्वांत आधी जातो. चालून चालून बर्फात त्यांच्या खोल पायवाटा पडल्या आहेत. एक जेंटू चोचीत एकच खडा घेऊन चढत होता. दोनदा पडला, खडा घरंगळला, तो परत खाली जाऊन शोधून आणला. वर पोचून त्याने तो जोडीदाराच्या पुढ्यात ठेवला, मान लववली, आणि पाठ फिरताच शेजाऱ्याने तो पळवला. राणीच्या बागेत मासळी वेळेवर बादलीतून येते, मित्रा. तेथे पक्षी दिसतो, त्याचा प्रपंच दिसत नाही. मी गेलो तो प्रपंच पाहायला, हे मला त्या उतारावर उभे असताना समजले.

एक गोष्ट मात्र खटकली. जेंटू दक्षिणेकडे पसरत आहेत, चिनस्ट्रॅप घटत आहेत. साउथ शेटलंड बेटांपैकी एलिफंट बेटावर १९७१ ची गणना आणि २०२० ची गणना यांच्यात ते जवळजवळ ६० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. बर्फ आणि क्रिल यांच्याशी त्याचा संबंध लावला जातो. आमच्या जहाजाचा धूरही त्याच हवेत गेला, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

परतताना ड्रेकने दया दाखवली. भटक्या अल्बॅट्रॉसने तासभर जहाजाची सोबत केली. तीन मीटरहून रुंद पंख, आणि त्या तासात ते एकदाही फडफडलेले मी पाहिले नाहीत. मी डेकवरच्या खुर्चीत पांघरूण घेऊन बसलो आणि डुलक्या घेत राहिलो, बहुधा चार-चार सेकंदांच्या.

वहिनींनी विणून दिलेल्या मफलरला अजून तो वास आहे. तो दोनदा धुऊन मगच तुमच्या घरी येईन, असे त्यांना सांग. त्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित