हॉर्सरॅडिश इथे होणार नाही असं सरळ सांगणाऱ्या काकांना थँक यू

काका, नमस्कार.

तुम्हाला तोंडावर थँक यू म्हटलं की "अगं त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आणि कशासाठी ते पण नीट लिहिते, कारण ठाण्यात बाल्कनीत नाहीतर गच्चीवर काहीबाही लावू बघणारे खूप आहेत, त्यांच्या कामाला येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हॉर्सरॅडिश म्हणजे मोहरी-मुळ्याच्या कुळातलं एक जाड मूळ, बाहेरून मातकट आणि आतून पांढरं, युरोपात ते किसून व्हिनेगर घालून मांसाबरोबर खातात. माझा भाऊ कामासाठी जर्मनीत एर्लांगेनला असतो, तिथून जवळ बायर्सडॉर्फ म्हणून गाव आहे, ते या पिकासाठीच ओळखलं जातं, त्याचं म्युझियमसुद्धा काढलंय त्यांनी. तो सुट्टीवर येताना एक बरणी घेऊन आला. बाबा तेव्हा लांबलेल्या तापातून उठले होते, जिभेला चवच नव्हती, ताट जवळजवळ तसंच परत जायचं, आणि थालीपिठाला हे जरासं लावून दिलं तर ठसका थेट नाकात गेला, डोळ्यात पाणी आलं आणि म्हणाले "अजून दे". किती दिवसांनी ऐकलं होतं आम्ही ते! बरणी संपली पण मी ठरवलं की हे आता घरीच लावायचं.

ऑनलाइन एके ठिकाणी बियांचं पाकीट होतं, फोटो एकदम झकास. ऑर्डर करायच्या आधी तुम्हाला दाखवलं, आणि तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "हे पीक बियांपासून लावतच नाहीत, याला धड बी धरत नाही." मग तिथेच लिफ्टपाशी उभं राहून तुम्ही सगळं समजावलंत. पेन्सिलीएवढ्या जाडीचे बाजूच्या मुळांचे वीतभर तुकडे घ्यायचे, वरचं टोक सरळ कापायचं आणि खालचं तिरकं, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही, आणि ते जमिनीत तिरपे लावायचे. वसंतात लावायचे, उन्हाळाभर पानं वाढतात, मग थंडीत बर्फाळ गारठ्याने पानं मरतात आणि झाड सगळी ताकद मुळात साठवून झोपून जातं. ती झोप त्याला लागतेच. "आपल्याकडे जानेवारीतल्या रात्रीसुद्धा पंखा लागतो, ते बिचारं झोपणार कधी? आणि जून ते सप्टेंबर मुंब्र्याच्या डोंगरावरून जो पाऊस कोसळतो त्यात ते जाड मूळ कुंडीत कुजेल." दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला माणूस हे बोलतोय म्हटल्यावर माझं तोंड उतरलंच, खरं सांगते.

भावाने मग आयडिया काढली की मी बॅगेतून मुळंच घेऊन येतो. तुम्ही त्यालाही ठाम नाही म्हणालात. जिवंत मुळं, रोपं देशात आणायला 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे इम्पोर्ट परमिट आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोपाला कीड-रोग नसल्याचा दाखला, लागतं, आणि नियम सोडा, मुळाला चिकटलेल्या चिमूटभर मातीतून कुठला रोग आपल्या शेतकऱ्याच्या मोहरीत घुसेल सांगता येत नाही. हे बोलताना तुमचा आवाज बदलला होता काका. तुम्हाला त्या न पाहिलेल्या शेतकऱ्याची काळजी होती.

मी सोसायटीतल्या शेवग्याचं विचारलं, कारण इंग्रज लोक इथे असताना हॉर्सरॅडिशऐवजी शेवग्याचं मूळ वापरायचे असं मी वाचलं होतं. तुम्ही म्हणालात हो, वापरायचे, पण मुळाच्या सालीत विषारी द्रव्यं असतात, आजारातून उठलेल्या माणसाला ते मुळीच द्यायचं नाही, शेंगा खा, पाला खा. बरं झालं विचारलं.

नाही म्हणणारे खूप भेटतात. तुम्ही नाही म्हणालात आणि मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा खलबत्ता घेऊन आमच्याकडे आलात, त्यासाठी हे पत्र आहे.

मोहरी फेसायला बसवलंत मला. बारीक काळी मोहरी, थोडं गार पाणी, आणि कुटत राहायचं. कोरड्या मोहरीला वास नाही तसाच अख्ख्या हॉर्सरॅडिशलाही नसतो, पेशी फुटल्या की आतलं एन्झाइम सिनिग्रिन नावाच्या आतल्याच एका द्रव्याला भेटतं आणि मगच तो झणका तयार होतो, अलाइल आयसोथायोसायनेट, दोन्हीकडे तोच पदार्थ. गरम पाणी घातलं तर एन्झाइम मरतं. आंबट लगेच घातलं तर ठसका कमी चढतो, म्हणून आधी पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि मगच लिंबू पिळायचं, जर्मनीतही व्हिनेगरचं असंच असतं. आई आतून ओरडली की अहो लाल भोपळ्याच्या भरीताला आम्ही हेच तर घालतो! आणि बाबांना ते दह्यात कालवून दिलं तर त्यांनी डोळे पुसत पुसत पोळी संपवली. (बाजारात जी वसाबी पेस्ट मिळते त्यातली बरीचशी पण हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग अशीच असते, हे पण तेव्हाच कळलं.)

आणि मग मुळा. नवरात्र झाल्यावर तुम्ही स्वतः माझ्याबरोबर गच्चीवर आलात, बारा इंच खोल ग्रो बॅगा, लाल माती, कोकोपीट, गांडूळखत, आणि मातीतला एकेक खडा हाताने वेचायला लावलात, कारण खडा आडवा आला की मुळ्याला दोन पाय फुटतात. रोप करून लावायचं नाही, बी थेट बॅगेत, पेराएवढं खोल पण नाही, अगदी वरच्यावर. दाटी झाली की विरळणी, उपटलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी. शेणखत-युरिया जास्त झालं की नुसता पाला माजतो, पाणी कधी भरपूर कधी अजिबात नाही असं केलं की मुळा तडकतो. पुसा चेतकी जात तुम्ही सुचवलीत कारण ती आपल्या उकाड्यात टिकते आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढायला येते. दोन बॅगांमधले मुळे काढूच दिले नाहीत तुम्ही, फुलं येऊ दे म्हणालात, आणि त्यांना आता डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागल्यात, जांभळी नाक्याला थंडीत टोपलीत असतात ना तशाच, फक्त कोवळ्या असतानाच तोडायच्या नाहीतर दोरा होतो.

आता आमच्याकडे किसलेला मुळा पिळून, त्यात फेसलेली मोहरी, लिंबू, मीठ, किंचित साखर असं बरणीत असतं. हॉर्सरॅडिशची चव अगदी तशी नाही, ते मूळ जास्त गोडसर आणि मातीच्या वासाचं असतं, पण नाकात जाणारा झणका तोच आहे आणि बाबा जेवतात. दोन्ही वेळेला जेवतात काका. याबद्दल मी तुम्हाला किती वेळा थँक यू म्हणू?

एक काम आहे. बाजूच्या बॅगेत मोहरी लावलीय तिला शेंगा धरायला लागल्यात, पण ढगाळ हवेमुळे शेंड्यांवर मावा, ते रस शोषणारे बारीक किडे, दिसतोय. लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण असं तुम्ही मुळ्याला सांगितलं होतं, तेच इथे चालेल का, की फुलांवर मधमाश्या येतायत म्हणून संध्याकाळीच मारायचं? रविवारी वर येऊन एकदा बघाल का. आणि काकूंना सांगा दुपारची भाजी करू नका, डिंगऱ्यांची मी पाठवतेय.

तुमची,
ए विंगमधली, तिसऱ्या मजल्यावरची