भुरी झोपते कुठे, हे विचारणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आमची कुत्री भुरी आता रात्रभर शांत झोपते, आणि त्यामुळे आम्हीही. हे तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, पण तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही. शिवाय ज्यांच्या घरी सतत खाजवणारं, पंजे चाटणारं, कान झाडणारं कुत्रं आहे, त्यांच्यापर्यंतही तुमची तपासण्याची रीत पोहोचावी, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

तुम्ही तिचा पुढचा पंजा उचललात, बोटं फाकवलीत आणि मला आत बघायला लावलंत. पांढरे केस पार तांबूस झाले होते. सतत चाटल्यामुळे लाळेतला रंग केसांवर चढतो, म्हणजे ही खाज आजकालची नाही, हे तुम्ही तिथेच दाखवून दिलंत. मग पिसवांची फणी फिरवलीत, त्वचा खरवडून काचपट्टीवर घेतलीत, कानातला मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलात. पिसवा नव्हत्या, खरजेचे किडे नव्हते. कानात यीस्ट मात्र माजलं होतं. कानाचे थेंब लिहून देऊन तिथेच थांबता आलं असतं. तुम्ही पेन बाजूला ठेवलंत आणि घराबद्दल विचारायला लागलात.

ती झोपते कुठे? अंथरूण भिंतीला टेकून असतं का? त्या भिंतीपलीकडे काय आहे? खोलीत शिरताना कुबट वास येतो का? आणि मग, दुसरीकडे राहायला गेली की खाज कमी होते का? त्या प्रश्नावर मी थबकलेच. बहिणीकडे राहून आली की तिचे पंजे बरे दिसायचे आणि घरी आल्यावर पुन्हा तेच सुरू व्हायचं. तेवढ्यावरून निदान होत नाही, पण कुठे बघायचं ते कळतं, असं तुम्ही म्हणालात.

घरी येऊन कपाट सरकवलं. पलीकडे न्हाणीघर. भिंतीचे पोपडे सुटलेले, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत बुरशीचे काळे-हिरवट ठिपके, आणि तिच्या गादीची खालची बाजू हाताला गार, ओलसर लागत होती. आमची नाकं त्या भिंतीपासून चांगली वर. तिचं मात्र दिवसातले कितीतरी तास तिथेच टेकलेलं.

तुमचं एक स्पष्टीकरण मला फार मोलाचं वाटतं. ॲलर्जीने माणसाला बहुधा शिंका येतात, नाक गळतं. कुत्र्याला मात्र बहुधा खाज सुटते, पंज्यांना, काखेत, पोटाला, कानांत. बुरशीचे बीजाणू, म्हणजे हवेत उडणारे तिचे सूक्ष्म कण, श्वासावाटे जातात, तसे अंगावरही बसतात, आणि ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांच्या त्वचेचं संरक्षक आवरण बऱ्याचदा मुळातच कच्चं असतं. म्हणून पंजा चाटणारं कुत्रं बघून घरातली हवा कुणाच्या मनातच येत नाही. तुमच्या मनात आली.

नाकही तुम्ही बारकाईने पाहिलंत. एकाच नाकपुडीतून दाट स्राव किंवा रक्त येतं का, नाकाचा काळा रंग उडालाय का, हात लावल्यावर दुखतं का. ॲस्परजिलस जातीची बुरशी कधीकधी कुत्र्याच्या नाकाच्या पोकळीतच घर करते, विशेषतः लांब नाकाच्या जातींमध्ये. ती ॲलर्जी नव्हे, संसर्ग असतो. त्याला सीटी स्कॅन, दुर्बिणीची तपासणी आणि नाकात औषध सोडण्याचे उपचार लागतात. भुरीला तसं काही नव्हतं, पण ते आधी वगळल्यामुळे माझ्या जिवाचा घोर कमी झाला.

काळी बुरशी म्हणजे विषारीच, असं ऐकून मी घाबरून फोन केला तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत की रंगावरून तसं काही ठरत नाही, जात शोधायला पैसे घालवू नका, आधी पाणी थांबवा. गळका पाइप बदलला. ओली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरू लागते, हे कळल्यापासून घरात ओलं पायपुसणंसुद्धा पडून राहत नाही. साफसफाई होईपर्यंत भुरीला त्या खोलीपासून लांब ठेवलं, मास्क लावून साबणाच्या पाण्याने भिंत घासली, पूर्ण वाळवली, मगच रंग दिला. मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते, म्हणून ती नुसती मारून चालत नाही, काढावी लागते. गादी टाकूनच दिली. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की घातक वायू तयार होतो आणि लघवीच्या डागांतही अमोनिया असतो, हा तुमचा इशारा तर कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा. ओझोन सोडणारी हवाशुद्धीची यंत्रं नकोत, सुगंधी तेलांचे डिफ्युझर नकोत, घरात सिगारेट तर नकोच, हेही तुम्ही बजावलंत. बुरशी आलेलं अन्न खाऊन कुत्र्यांना कंप आणि झटके येऊ शकतात. त्यामुळे कचऱ्याच्या डब्याला आता घट्ट झाकण आहे.

मला सर्वांत जास्त भावला तो तुमचा प्रामाणिकपणा. भिंत सुधारली की सगळं आपोआप बरं होईल, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. त्वचेत टोचून केलेल्या ॲलर्जीच्या चाचणीत बुरशीबरोबर धुळीतल्या सूक्ष्म किड्यांनाही तिच्या त्वचेने प्रतिसाद दिला. नुसत्या चाचणीवरून ॲलर्जीचं निदान होत नाही, ॲलर्जी कमी करण्यासाठी द्यायच्या इंजेक्शनात काय घालायचं ते ठरवायला ती उपयोगी पडते, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. त्या इंजेक्शनांचा गुण यायला वर्षभरही लागू शकतं, तोवर खाजेचं औषध चालू ठेवायचं, हेही. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ३० ते ५० टक्क्यांत ठेवायला सांगितलीत, कारण ओल कमी झाली की ते किडेही कमी होतात. तिच्या नव्या अंथरुणाजवळ आता आर्द्रतामापक आहे. अंथरूण भिंतीपासून लांब असतं आणि दर आठवड्याला गरम पाण्यात धुतलं जातं.

एक विनंती आहे. मला विचारलेत ते प्रश्न मोठ्या अक्षरांत छापून दवाखान्याबाहेरच्या बाकाजवळ लावा. नंबर लागेपर्यंत लोक वाचतील आणि आत येताना उत्तरं घेऊनच येतील. छपाईचं मी बघते. तुम्ही फक्त मजकूर एकदा नजरेखालून घाला.

तुमची कृतज्ञ,
भुरीची आई

ता. क. कानांची फेरतपासणी पुढच्या आठवड्यात आहे. आर्द्रतेच्या नोंदींची वही बरोबर आणते.